कापसाचा हिशेब आणि कंसातल्या जागा

दिवाळीच्या आगेमागे आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. जैनथ, बेला या पैनगंगेच्या बाजूच्या मंडलांतून आलेल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी मराठी बोलली जाते. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या खरेदीत त्यांच्या हाती किती पैसे पडणार, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: कापसाचे वजन, त्यातला ओलावा आणि हमीभाव. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 च्या हंगामातला हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भावातून एक टक्का कापला जातो. 12 च्या वर कापूस घेतलाच जात नाही.

प्रोग्रामिंग शिकताना पॅरामीटर या शब्दाशी बरेच विद्यार्थी अडखळतात. तो समजून घ्यायला हाच हिशेब पुरेसा आहे.

काटा प्रत्येक गाडीला वेगळा आकडा दाखवतो, हिशेबाची रीत मात्र तीच राहते. ही रीत एकदाच लिहून तिला नाव दिले की तयार होते फंक्शन. जावासारख्या भाषेत ते एखाद्या क्लासच्या आत असते आणि त्याला मेथड म्हणतात. आपल्या मेथडचे नाव ‘रक्कम’ ठेवू. तिची पहिली ओळ अशी: रक्कम(वजन, ओलावा, भाव). कंसातली ही तीन नावे म्हणजे पॅरामीटर. रीत लिहिताना त्यांना किंमत नसते. आकडे येणार आहेत एवढेच त्यांतून कळते. गाडी काट्यावरून उतरली की आपण लिहितो रक्कम(12, 10, 8110). हे झाले मेथडला बोलावणे, म्हणजे कॉल; आणि त्यात दिलेले प्रत्यक्ष आकडे म्हणजे आर्ग्युमेंट.

आता बारकाईने पाहू. 12 क्विंटल कापूस, 10 टक्के ओलावा. कपात दोन टक्के, म्हणून भाव 7947.80 रुपये आणि एकूण रक्कम 95,373.60 रुपये. घाईत पहिले दोन आकडे उलटे पडले, रक्कम(10, 12, 8110) असे लिहिले गेले, तर संगणक 10 क्विंटल आणि 12 टक्के ओलावा धरतो. उत्तर येते 77,856 रुपये. एका गाडीमागे 17,517.60 रुपयांचा फरक, आणि पडद्यावर चूक दाखवणारी एक ओळही नाही! कुठला आकडा कुठल्या पॅरामीटरला मिळणार, हे येथे फक्त क्रमावरून ठरते.

आकड्याच्या जागी अक्षरे दिली तर जावा प्रोग्राम चालू होण्याआधीच अडवते. पायथनमध्ये तो चालताना हिशेबाच्या ओळीपाशी अडतो. पण वजनही संख्या आणि ओलावाही संख्या असेल, तर तक्रार करायला दोघांनाही कारण उरत नाही.

अशा गोंधळाची किंमत नासाने मोजली आहे. मंगळाकडे निघालेले मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी नष्ट झाले. लॉकहीड मार्टिनचा एक प्रोग्राम पाउंड-सेकंदात आकडे देत होता आणि घेणारा प्रोग्राम ते न्यूटन-सेकंदात आहेत असे धरून चालला होता. दोन्ही एककांत जवळपास साडेचार पटींचा फरक आहे.

उपाय सोपे आहेत. पायथनमध्ये रक्कम(वजन=12, ओलावा=10, भाव=8110) असे नावानिशी देता येते; मग क्रम बदलला तरी बिघडत नाही. जावात ही सोय नाही, म्हणून तिथे पहिली ओळ वाचूनच कॉल लिहावा. नावातच एकक घालावे: वजन_क्विंटल, ओलावा_टक्के. 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून अशी देवनागरी नावे त्या भाषेत थेट चालतात. आदिलाबादमधल्या मराठी माध्यमाच्या मुलांना पहिला सराव स्वतःच्या शब्दांत करता येईल, ही फार मोलाची सोय आहे.

भाव दरवेळी द्यायला नको म्हणून पायथनमध्ये भाव=8110 असे पहिल्या ओळीतच लिहून ठेवता येते. याला डिफॉल्ट पॅरामीटर म्हणतात. मात्र हमीभाव दरवर्षी नव्याने जाहीर होतो. 2024-25 मध्ये तो 7521 होता. तेव्हाचा आकडा तसाच राहिला असता, तर 2025-26 मध्ये क्विंटलमागे 589 रुपये कमी धरले गेले असते.

नवशिक्याने ही मेथड लिहून ओलाव्याच्या जागी 8, 10, 12 आणि शेवटी 13 देऊन पाहावे. मेथडच्या सुरुवातीला मर्यादा तपासलेली नसेल, तर 13 ला ती निमूटपणे पाच टक्के कापते आणि केंद्रावर जो कापूस परत पाठवला जाईल त्याचीही रक्कम काढून देते.