कागदाच्या शेततळ्याची निगा
बीड जिल्ह्यात घरी पोहण्याचा तलाव असणारे विरळाच. बागेशेजारी प्लास्टिकच्या कागदाचं शेततळं मात्र सर्रास दिसतं. ३० बाय ३० मीटरच्या, ३ मीटर खोल तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. टँकरची वाट पाहणाऱ्या मुलखात ही मोठी पुंजी आहे, म्हणून आधी कागद जपायचा. ५०० मायक्रॉनचा असला तरी ऊन-वारा त्याला खातो. उन्हाळ्यातही तळाशी फूटभर पाणी राखावं. काठाच्या चरात कागद घट्ट गाडलेला आहे ना, हे वळवाच्या आधी पाहावं.

शेवाळ ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकतं. वाळूच्या फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबात अर्ध्या किलोहून जास्त फरक दिसला की बॅकवॉश द्यायचा, बाहेरचं पाणी नितळ येईपर्यंत. फुटव्हॉल्व्ह गाळात रुतू नये म्हणून तरंगत्या ड्रमला बांधावा.

पण या सगळ्याआधी जाळीचं कुंपण. ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही. पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. दर वर्षी राज्यात पोरं अशीच बुडतात. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडा, हवा भरलेली ट्यूब काठावर बांधून ठेवा आणि उन्हानं दोर कुजला की लगेच बदला.