फरशीच्या खाली काय घालणार?

बंगल्याच्या किंवा रो-हाऊसच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले, की घरातली चर्चा रंग आणि नक्षीवर येऊन थांबते. कंत्राटदारही नमुने दाखवतो आणि चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो. पुढे दोन पावसाळ्यांत अंगण खचते, ब्लॉक डुगडुगू लागतात, पाणी जोत्याशी साचते. दोष बहुतेक वेळा फरशीखालच्या कामात असतो. म्हणून कंत्राटदाराला पहिला प्रश्न तिथलाच विचारावा.

मराठवाड्यातली, विदर्भातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट केलेली फरसबंदी तग धरत नाही. जाणता कंत्राटदार आधी ही माती पुरेशी खोल काढतो, मुरूम भरतो आणि थराथराने पाणी मारून दाबतो. त्यावर खडीचा थर, मग इंच-दीड इंच कच, आणि सर्वांत शेवटी ब्लॉक. कोकणात जांभ्याच्या जमिनीवर मोठी काळजी पावसाची. तिथे ढाळ आधी ठरवावा. दहा फुटांना सव्वा ते दीड इंच ढाळ, तोही घरापासून दूर जाणारा, हे साधारण प्रमाण.

ब्लॉकचीही चौकशी करावी. भारतीय मानक 15658 मध्ये त्यांची जाडी आणि ताकद यांची प्रतवारी दिली आहे. नुसत्या पायवाटेला 50 मिलिमीटरचा एम-30 ब्लॉक चालतो. गाडी उभी राहणार असेल तर 60 मिलिमीटरचा एम-35 घ्यावा. कडेने काँक्रीटची पक्की कड हवीच, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात. शहाबादी किंवा कोटा लावणार असाल तर उघड्यावर पॉलिश केलेली फरशी टाळा. पावसात तिच्यावरून घरातली म्हातारी माणसे घसरतात.

तिघांकडून भावपत्रक घ्या आणि प्रत्येकात खोदाईची खोली, थरांची दाबल्यानंतरची जाडी, ढाळ, कड आणि राडारोडा उचलणे हे लिहून मागा. एवढे हाती असले की स्वस्त दर कशामुळे स्वस्त आहे ते कळते. मालाचा हिशेब घरीही करता येतो. तीनशे चौरस फुटांच्या अंगणात चार इंचांचा थर म्हणजे शंभर घनफूट, अर्थात एक ब्रास. दाबल्यावर माल बसतो, म्हणून सुटा माल त्याहून जास्त लागतो. एवढ्या कामाला अर्ध्या ब्रासची गाडी आली, तर तिथेच विचारावे.

बागेच्या दिव्यांची वायर आणि नळाचे पाइप यांची जागा आधी ठरवा. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणे फरशीच्या पातळीला आणा, फरशीखाली गाडू नका. झाडाच्या बुंध्याभोवती माती मोकळी राहू द्या. पाणी मुरायलाही ती लागते.

निवड पक्की करण्याआधी कंत्राटदाराने केलेले, निदान दोन पावसाळे काढलेले एखादे अंगण पाहून या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: खोदाई झाल्यावर, खडीचा थर दाबल्यावर, ब्लॉक बसल्यावर. झाकला जाणारा प्रत्येक थर स्वतः मोजा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपल्यावर देण्याची अट सुरुवातीलाच लिहून घ्या. आपल्या कामावर विश्वास असलेला कंत्राटदार ती मान्य करतो.