वॉशिंग मशीनमध्ये पाणी हळू येते? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा

सिंदेवाही : तालुक्यात आता गावोगावी वॉशिंग मशीन आल्या आहेत. रोवणीच्या दिवसात चिखलाचे कपडे धुवायला तिचा मोठा आधार होतो. पण फुल ऑटोमॅटिक मशीन घेतलेल्या घरी एक तक्रार नेहमीची असते. पाणी बारीक धारेने येते आणि थोड्या वेळाने मशीन थांबून आवाज करते. एलजीच्या मशीनवर ‘आयई’, सॅमसंगवर ‘४ई’ किंवा ‘४सी’ दिसले, तर ठरलेल्या वेळात पाणी भरले नाही एवढाच त्याचा अर्थ. मशीन बिघडली असे लगेच समजू नका.

आधी बादली लावा

तोटी बंद करून मशीनचा पाइप काढा. त्याच तोटीखाली १० लिटरची बादली ठेवून तोटी पूर्ण सोडा. मिनिट-दीड मिनिटात बादली भरली तर पाणी बरोबर आहे, अडचण पाइपात किंवा जाळीत आहे. तीन-चार मिनिटे लागली तर अडचण टाकीत किंवा लाइनमध्ये आहे.

जाळी साफ करा

मशीनचा प्लग काढा. पाइप जिथे मशीनला जोडतो तिथे आत छोटी जाळी असते. ती पकडीने हळूच ओढून जुन्या ब्रशने धुवा. पावसाळ्यात गढूळ पाण्याने ती लवकर भरते. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला असेल तर निंबूसत टाकलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. जाळी काढून मशीन चालवू नका, कचरा आतल्या व्हॉल्व्हमध्ये जातो. मशीन भिंतीला टेकून पाइप दबला आहे का, तेही पाहून घ्या.

टाकीची उंची मोजा

आपल्याकडे खरी अडचण बहुतेक इथेच असते. १० मीटर, म्हणजे साधारण ३३ फूट उंचीवरून पाणी आले तर १ बार दाब मिळतो. मशीनच्या पुस्तकात कमीत कमी किती दाब पाहिजे ते लिहिलेले असते. तिथे ०.०३ मेगापास्कल असेल तर सुमारे १० फूट आणि ०.०५ असेल तर साडेसोळा फूट उंची लागते. ही उंची टाकीतल्या पाण्यापासून मशीनच्या पाइपजोडापर्यंत मोजा. स्लॅबवरच ठेवलेल्या टाकीत पाणी जमिनीपासून १२ फुटांवर आणि जोड ३ फुटांवर असला, तर हाती ९ फूटच राहतात. कवेलूच्या घरी टाकी अंगणात चार फुटांच्या स्टँडवर असते, तिथे फुल ऑटोमॅटिक चालणे कठीणच. दाब कमी असला की आतला व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, कधी पूर्ण बंदही होत नाही.

उपाय सोपा आहे. स्टँड उंच व मजबूत करा आणि टाकीतून मशीनसाठी पाऊण किंवा एक इंची वेगळी लाइन काढा. त्यात वळणे कमी ठेवा. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की पाइपात हवा अडकते, तेव्हा खालची तोटी सोडून हवा जाऊ द्या. तरीही दाब पुरत नसेल तर स्वतःच्या टाकीनंतर छोटा प्रेशर पंप बसवा.

नळाला टुल्लू लावू नका

काही जण नळ योजनेच्या जोडणीलाच टुल्लू पंप लावतात. त्यामुळे लाइनच्या टोकावरच्या घरांना पाणीच पोहोचत नाही. पाइप कुठे फुटला असेल तर नालीचे पाणी आत ओढले जाते आणि तेच सगळ्यांच्या पिण्यात येते. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. मशीनला एका धुण्याला प्रकारानुसार ५० ते १५० लिटर लागते. म्हणून नळ आला की टाकी भरून घ्या आणि मशीन टाकीवरच चालवा.

नवीन मशीन घ्यायची असेल तर दुकानात जाण्याआधी टाकीची उंची मोजून ठेवा. ती कमी असेल तर सेमी ऑटोमॅटिक बरी. तिच्यात बादलीने पाणी टाकले तरी कपडे धुऊन निघतात.