टर्बोला हवी थंड हवा

फोक्सवॅगनची चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय २०१३ साली बाजारात आली. इंजिन जेमतेम १,१९७ सीसीचं, टर्बोमुळे ताकद मात्र १०५ पीएस. भारतात पोलो बनणं २०२२ मध्ये थांबलं, पण जुन्या गाड्यांवरची हौस काही थांबलेली नाही. त्या हौसेतला पहिला खर्च बहुधा ठरलेला असतो: कंपनीचा बंद एअर बॉक्स काढायचा आणि उघडा ‘कोन’ फिल्टर बसवायचा. बॉनेटखालून ‘फुस्स’ आवाज येतो, गाडी पळतेय असं वाटतं. पण ती खरंच जास्त पळते का?

आमची पुण्यातली खडकी समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ. बिनटर्बोचं इंजिन जवळपास तेवढी ताकद घाटातच ठेवून येतं. टर्बो मात्र ठरलेला दाब मिळेपर्यंत जास्त वेगाने फिरून तूट भरून काढतो. हा दाब, म्हणजे बूस्ट, ठरवतो ईसीयू, इंजिनाचा संगणक. त्यामुळे नुसता फिल्टर मोकळा केला, तर टर्बोचे कष्ट थोडे कमी होतात, बूस्ट होता तेवढाच राहतो.

खरा शत्रू उष्णता. हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली, की ती सहज शंभर अंशांपलीकडे तापते. ती थंड करायलाच इंटरकूलर लागतो. हवा दहा अंशांनी थंड झाली, तर घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. आता मे महिन्यातल्या दुपारी शेजारच्या बोपोडी चौकातल्या सिग्नलला थांबलेली गाडी बघा. बंद बॉक्स पुढच्या जाळीकडून बाहेरची हवा घेतो. उघडा कोन इंजिनाभोवतीची भाजलेली हवाच ओढतो. हवा तापली, की नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो. आवाज वाढतो, ताकद घटते.

धुळीचं काय? १९४६ पासून खडकीत असलेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सच्या धंद्यात हा प्रश्न जुनाच. शेतावरच्या डिझेल इंजिनांना तेलाच्या भांड्याचा एअर क्लीनर असे; धूळ तेलात अडकून बसे. टर्बोची पाती तर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतात. गाळणी ढिली पडली, तर बारीक वाळू ती पाती झिजवते.

म्हणून आधी नवा पेपर फिल्टर टाका, होजचे क्लॅम्प तपासा, स्मोक टेस्टने गळती शोधा. या पोलोचा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. तेव्हा कूलंट आणि पुढचा रेडिएटर स्वच्छ हवा. ईसीयूचं ट्यूनिंग त्यानंतर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मात्र ध्यानात ठेवा: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, जुळणार नाही असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं आहे.

पैसे मोजण्याआधी ईसीयूतले आकडे वाचणारा ओबीडी स्कॅनर लावून इनटेकच्या हवेचं तापमान टिपा, सिग्नलवर एकदा आणि मोकळ्या रस्त्यावर एकदा. नवा भाग बसवल्यावर त्याच उन्हात पुन्हा बघा. आकडा चढला असेल, तर जुना बॉक्स परत बसवा.