‘तिथं ठेवलंय ना, मग कुठं जातंय!’

नवं अ‍ॅप हाती आलं की चार दिवसांत हे वाक्य ऐकू येतं. वाचायचे लेख, पाककृतींचे दुवे, विजेच्या बिलाच्या पावत्या, मुलांची वेळापत्रकं, फोटो, पासवर्ड असं सगळं कुणीतरी एका संध्याकाळी नीट लावतं आणि समाधानानं सांगतं, ‘आता सगळं तिथं ठेवलंय ना, मग कुठं जातंय!’ शिकल्यासवरलेली, बँकेच्या ठेवीची पावतीही दोनदा वाचणारी माणसं हे म्हणतात, तेव्हा मला राहवत नाही.

आमच्या इमारतीतल्या काकू मागं एकदा फोन घेऊन आल्या. ‘अरे, बघ रे जरा, माझं पाककृतींचं पुस्तक उघडत नाहीये.’ सहा वर्षं त्यांनी एका सेवेवर दुवे आणि टिपणं साठवली होती. ते पुस्तक उघडणार नव्हतंच, कारण ती सेवा बंद झाली होती. तशी सूचना देणारे तीन ईमेल आले होते. पण ते आले होते मुलानं खातं उघडताना काढून दिलेल्या पत्त्यावर, जो काकूंनी कधी उघडलाच नव्हता. दुवे पुन्हा शोधता आले असते. पण सासूबाईंनी फोनवर सांगितलेलं गोड्या मसाल्याचं प्रमाण त्यांनी तिथंच टिपलं होतं, आणि सासूबाई आता नाहीत.

म्हणून या एका गैरसमजाबद्दल सविस्तर लिहितो आहे.

गैरसमज : ऑनलाइन ठेवलेलं कायमचं राहतं. कंपनी मोठी असेल तर प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती अशी, की आपलं ऑनलाइन सामान लावून देणाऱ्या सेवा बंद पडणं ही नेहमीची गोष्ट आहे, आणि मोठ्या कंपन्याही त्याला अपवाद नाहीत. आवडीच्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी आणून देणारं ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झालं. अनेक मराठी घरांनी ज्याच्यावर जुने वर्गमित्र शोधले, ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला गेलं. ‘गूगल प्लस’ हे समाजमाध्यम सर्वसामान्यांसाठी २ एप्रिल २०१९ला मिटलं. कामांच्या याद्या ठेवणारं ‘वंडरलिस्ट’ मायक्रोसॉफ्टनं २०१५मध्ये विकत घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. ‘नंतर वाचू’ म्हणून लेख बाजूला ठेवायचं ‘पॉकेट’ हे साधन मोझिलानं २०१७मध्ये घेतलं आणि ८ जुलै २०२५ला बंद केलं.

वेबवरच्या खुणा, म्हणजे बुकमार्क, साठवायची पद्धत ज्या ‘डिलिशस’नं रूढ केली, तिची कहाणी तर शिकवण्यासारखी आहे. २००३मध्ये ती सुरू झाली, २००५मध्ये याहूनं घेतली, २०११मध्ये विकली. त्यानंतरही मालक बदलत राहिले. शेवटी २०१७मध्ये ‘पिनबोर्ड’ या छोट्या प्रतिस्पर्धी सेवेनं ती अवघ्या ३५ हजार डॉलरना घेतली आणि तिथं नव्या खुणा ठेवणं थांबवलं. लाखो लोकांनी वर्षानुवर्षं निगुतीनं लावलेल्या संग्रहाचे मालक असे बदलत गेले, आणि ते व्यवहार ठरवणं त्या लोकांच्या हाती नव्हतं.

हे का होतं? आपण तिथं ठेवीदार नसतो, भाडेकरू असतो. अकरा महिन्यांचा करार आपल्याला ठाऊक आहे. मुदत संपली की मालक भाडं वाढवेल किंवा घर विकेल, हे धरूनच आपण सामान आणतो. ऑनलाइन सेवेचा करार याहूनही सैल असतो. सेवा बदलण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार कंपनीकडे आहे, असं नोंदणीच्या वेळी आपण न वाचता मान्य केलेल्या अटींत बहुधा लिहिलेलंच असतं. सर्व्हरला रोज वीज लागते, माणसं लागतात. वापरणारे घटले, कंपनी विकली गेली किंवा नव्या मालकाचं लक्ष दुसऱ्या धंद्याकडे वळलं, की आपलं सामान त्यांच्या दृष्टीनं निव्वळ खर्च ठरतं. यात कुणाचा दुष्टपणा असतोच असं नाही. पण आपण मात्र घर आपलंच आहे असं समजून भिंतीत खिळे ठोकत बसतो.

‘मी पैसे भरतो, मला काय धोका?’ हेही ऐकतो. वंडरलिस्टचेही पैसे भरणारे ग्राहक होते, पॉकेटचेही. पॉकेटच्या सशुल्क योजनेतल्या एका सोयीचं नाव तर ‘पर्मनंट लायब्ररी’ होतं, म्हणजे कायमस्वरूपी ग्रंथालय. पैसे भरल्यानं चांगली सेवा मिळते, सेवेचं आयुष्य वाढण्याची शक्यताही असेल. कायमपणा मात्र कुणीही विकत देऊ शकत नाही.

याच गैरसमजाचं दुसरं रूप म्हणजे ‘लिंक ठेवली, म्हणजे लेख ठेवला’. अजिबात नाही. लिंक हा पत्ता आहे. पत्ता वहीत लिहून ठेवला म्हणून त्या घरातली माणसं तिथंच राहतील असं थोडंच आहे? अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेब पानांचा नमुना तपासला. त्यांतली ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. पॉकेट बंद होताना वापरणाऱ्यांना आपली यादी उतरवून घेता आली, पण त्या फाइलमध्ये होतं काय? लेखाचं शीर्षक, दुवा, तारीख, लावलेले टॅग. लेखाचा मजकूर त्यात नव्हता.

मग नवी साधनं वापरूच नयेत का? जरूर वापरावीत. मीही वापरतो. विखुरलेले दुवे एका ठिकाणी आले, कामांची यादी फोनवर आणि संगणकावर सारखीच दिसली, की डोकं हलकं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की घर बघायला गेल्यावर सामान आत आणण्याआधी ते बाहेर कसं नेता येईल, हे बघा. नव्या सेवेत पहिल्याच दिवशी दहा-बारा गोष्टी भरा आणि लगेच ‘एक्सपोर्ट’ची सोय शोधा. ती बहुतेकदा सेटिंग्जमध्ये असते. फाइल उतरवून घ्या, आणि ती त्या सेवेखेरीज दुसऱ्या कशात तरी उघडते का, ते पाहा. दुव्यांची यादी एचटीएमएल किंवा सीएसव्ही, टिपणं साधा मजकूर किंवा पीडीएफ, पत्ते व्हीकार्ड, अशा सर्वत्र चालणाऱ्या स्वरूपात मिळत असेल तर ती सेवा वापरायला हरकत नाही. फाइल फक्त त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडत असेल किंवा एक्सपोर्टची सोयच नसेल, तर अ‍ॅप कितीही देखणं असलं तरी त्यात आयुष्य ओतू नका. ही परीक्षा वर्षभरानं घेऊन उपयोग नाही. तोवर बैल गेलेला असतो आणि आपण झोपा करत बसतो.

गूगलची सेवा वापरणाऱ्यांसाठी ‘गूगल टेकआउट’ २०११पासून आहे. फोटो, ईमेल, संपर्क, कॅलेंडर यांतलं हवं ते निवडायचं, की झिप फाइल तयार होऊन मिळते. ब्राउझरमधल्या बुकमार्कांची एचटीएमएल फाइल तर काही सेकंदांत निघते आणि कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. एखादा लेख खरोखरच मोलाचा असेल तर त्याची पीडीएफ करून ठेवा. शिवाय ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही १९९६मध्ये स्थापन झालेली, नफा न घेणारी संस्था आहे. तिच्या ‘वेबॅक मशीन’वर कोणतंही सार्वजनिक पान जतन करण्याची विनंती कुणीही करू शकतं. पण तीसुद्धा ऑक्टोबर २०२४मधल्या सायबर हल्ल्यानंतर काही दिवस बंद होती. म्हणून एकाच जागेवर भिस्त नको. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी सांगितलेला ३-२-१ हा नियम घरालाही लागू पडतो : मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘सिंक आहे, म्हणजे बॅकअप आहे.’ नाही. सिंक दोन्हीकडे सारखंच चित्र ठेवतं. फोनवरच्या गूगल फोटोजमधून बॅकअप झालेला फोटो पुसला, की तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये तो ६० दिवस असतो, त्यानंतर नाही. ‘फोन भरला’ म्हणून फोटो पुसताना कितीतरी घरांनी बारशापासूनचे फोटो असेच घालवले आहेत. केवळ फोनची जागा मोकळी करायची तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे.

‘फुकट आहे ते फुकटच राहणार.’ गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ला संपली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत असतात. टिपणं ठेवणाऱ्या एव्हरनोटनं डिसेंबर २०२३मध्ये मोफत खात्याची मर्यादा ५० टिपणांवर आणली.

‘खातं उघडून ठेवलंय, लागेल तेव्हा बघू.’ दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं त्यातल्या मजकुरासह काढून टाकण्याचं धोरण २०२३मध्ये जाहीर झालं आहे. परदेशी गेलेल्या मुलांनी आईवडिलांना काढून दिलेली खाती यासाठी आवर्जून तपासावीत.

‘अ‍ॅप काढलं, म्हणजे संबंध संपला.’ फोनवरून अ‍ॅप काढल्यानं तुमचं खातं बंद होत नाही. ‘साइन इन विथ गूगल’ करून दहा नवी साधनं चाखली असतील, तर दिलेल्या परवानग्या तशाच असतात. गूगल खात्याच्या सेटिंग्जमध्ये त्यांची यादी दिसते. आधी त्या सेवेवरचं खातं पुसा, मग परवानगी काढून घ्या, आणि शेवटी अ‍ॅप काढा.

‘पासवर्ड मॅनेजर म्हणजे चोराच्या हाती किल्ली.’ सगळीकडे एकच पासवर्ड वापरणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या मार्गदर्शनात पासवर्ड मॅनेजर वापरू द्यावा असं म्हटलं आहे, आणि ठरावीक मुदतीनं उगाच पासवर्ड बदलायला लावू नये, असंही.

‘जुन्या मराठी फाइली नव्या साधनात टाकल्या की सापडतील.’ श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. तिथं इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. त्यामुळे नव्या जागी तो अगम्य दिसतो आणि शोधात येत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग साठवण.

‘डिजिलॉकरमध्ये टाकलं की ते मूळ कागदपत्र झालं.’ संबंधित खात्यानं तिथं थेट दिलेला दाखला किंवा परवाना २०१६च्या नियमांनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचा आहे. आपण स्वतः चढवलेला स्कॅन मात्र स्कॅनच राहतो.

‘योग्य अ‍ॅप मिळालं की शिस्त आपोआप येईल.’ येत नाही. दर दोन महिन्यांनी नव्या सेवेत घर हलवणाऱ्याचं निम्मं सामान जुन्याच घरी राहून जातं. एक साधन निवडा, वर्षभर चालवा, आणि नको असलेलं वेळच्या वेळी काढून टाका.

काकूंची टिपणं परत मिळाली नाहीत. आता त्या नवी पाककृती अ‍ॅपमध्ये टिपतात, महिन्याच्या पहिल्या रविवारी तिची प्रत पेन ड्राइव्हवर घेतात, आणि घरच्या माणसांनी सांगितलेलं प्रमाण वहीतही उतरवतात. अ‍ॅप आवडत असूनही त्या हे करतात, आणि हीच रीत बरोबर आहे.

तुम्हीही आजच एवढं करा. ज्या सेवेत तुमचं सगळ्यात जास्त सामान आहे ती उघडा, एक्सपोर्टचा पर्याय शोधा आणि फाइल उतरवून घ्या. सेवेच्या सूचना ज्या ईमेलवर येतात तो पत्ता चालू आणि रोज पाहण्यातला आहे ना, तेही बघा. शेकडो दुव्यांची अशी फाइल सहसा मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढीही जागा घेत नाही.