स्पर्धेतले पहिले सांदण

बारावीच्या निकालानंतर शाळेत भेटायला येणारे काही पालक हल्ली हॉटेल मॅनेजमेंटबद्दल विचारतात. मुलगी असेल तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, तिथं हलाल-हरामचं कसं होणार?" आमच्याच शाळेतून शिकून गेलेली, आता पाककलेच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी नुकतीच पहिल्यांदा स्पर्धेत उतरली. तिचा अनुभव अशा पालकांनी वाचावा. तिच्या इच्छेवरून नाव देत नाही.

स्पर्धा कॉलेजांमधली होती. नव्वद मिनिटांत आपल्या भागातला एक पदार्थ करायचा, घरून तयार काही आणायचे नाही. तिने कोकणी मुस्लिम घरातले सांदण आणि नारळाच्या दुधातले सुरमईचे सालन निवडले. कोंबडी आयोजक देणार होते आणि ती जबीहा आहे याची खात्री नव्हती. मासळीला ती अट नाही. दुसऱ्या फेरीतल्या सॉसमध्ये पुस्तकाप्रमाणे वाइन होती. तिने पंधरा दिवस आधीच आयोजकांना लिहून विचारले, "सिरका वापरला तर चालेल का?" त्यांनी होकार कळवला. ऐन वेळी ओट्याशी उभे राहून हे सांगितले असते, तर गोंधळच झाला असता.

दादीचे माप मुठीचे. मुलीने दादीला शेजारी बसवले आणि तांदळाच्या रव्याची प्रत्येक मूठ काट्यावर तोलून वहीत लिहिली. घरी पीठ चाळीस मिनिटांत फुगत होते. पंधरा मिनिटे वाफवायला, बाकीचा वेळ सालनाला, असा हिशेब बसला.

स्पर्धेचा हॉल एसीने गार होता. यीस्टला ऊब लागते. चाळीस मिनिटे झाली तरी पीठ जागचे हलले नव्हते. तिने भांडे कोमट पाण्यात ठेवले, तेवढ्यात सालन उरकले आणि वेळ संपत आली तेव्हा सांदण वाफेला लावले. सुरमई नेमकी शिजली. थर्मामीटरने आतले तापमान ६३ अंश सेल्सिअस दाखवले. सांदण मात्र दडस झाले.

परीक्षकांनी सांदण कधी खाल्ले नव्हते. त्यांनी विचारले, "हे असंच असतं का?" हो म्हटले असते तरी खपले असते. ती म्हणाली, "नाही सर, हलकं असतं. माझं पीठ फुगलं नाही."

बक्षीस मिळाले नाही. शेऱ्यात स्वच्छता आणि सालनाची तारीफ होती, सांदणाचे गुण कापले होते. घरी हे ऐकून दादी म्हणाल्या, "थंडीत आम्ही पिठाचं भांडं चुलीजवळ ठेवायचो गं. ते तुला सांगायचं राहिलंच." मुलीने तेही वहीत लिहून घेतले.

हरल्याचे दु:ख तिला झालेच. पण खोटे बोलून मिळालेले गुण घेऊन ती दादीसमोर कशी बसली असती? हलाल कमाईची सवय अशा लहान प्रसंगांतच लागते.

पालकांनी फी भरण्यापूर्वी कॉलेजात जाऊन प्रात्यक्षिकांचा मेनू पाहावा. डुकराचे मांस आणि वाइन असलेल्या पाठांना पर्याय मिळतो का, चव घेणे सक्तीचे आहे का, स्वत:च्या सुऱ्या-चमचे वापरता येतात का, हे स्पष्ट विचारावे. केंद्र सरकारच्या संस्थांमधील पदवीसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा असते. तिची तयारी बारावीतच सुरू करावी.

हे क्षेत्र आपल्या मुलांना परके नाही. २०२३ मध्ये मास्टरशेफ इंडिया जिंकणारा मंगळुरूचा मोहम्मद आशिक ज्यूसचे दुकान चालवत होता. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे हुनर आहे, पण ते बहुतेक कुठे लिहिलेले नाही. मुलगी वही घेऊन दादीजवळ बसली, तर तिला हातातले काम सोडून उठवू नका.