आव्हानाचा हक्क कोणाचा?

कोणत्याही खेळातील अजिंक्यवीर कोण, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्यास आव्हान देण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न फारच थोडे लोक विचारतात. वास्तविक अजिंक्यपदाची सारी प्रतिष्ठा याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. आपला प्रतिस्पर्धी आपणच निवडण्याची मुभा अजिंक्यवीरास मिळाली, तर तो सबळास टाळून दुर्बळास शोधील; मनुष्यस्वभावच असा आहे. म्हणूनच आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांची दंगल भरते तेव्हा जोड लावण्याचे काम पंचांकडे असते.

धंदेवाईक मुष्टियुद्धात हे पंचांचे काम मुख्यत्वे चार जागतिक मंडळे करितात. त्यांपैकी सर्वांत जुने १९२१ साली अमेरिकेत निघाले व १९६२ पासून ते वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन या नावाने ओळखले जाऊ लागले. पुढे १९६३, १९८३ व १९८८ साली आणखी तीन मंडळे निघाली. प्रत्येक मंडळाचा प्रत्येक वजनी गटात स्वतंत्र अजिंक्यवीर असतो. सबब एकाच गटात एकाच वेळी चार अजिंक्यवीर असू शकतात.

प्रत्येक मंडळ दर गटातील मुष्टियोद्ध्यांची क्रमवारी प्रसिद्ध करिते. एरवी अजिंक्यवीर या यादीतील आपल्या पसंतीच्या योद्ध्याशी लढू शकतो. परंतु ठरावीक मुदतीत, म्हणजे बहुधा नऊ महिन्यांपासून वर्षभरात, मंडळ ज्यास अग्रहक्काचा आव्हानवीर ठरविते त्याच्याशी त्याने लढलेच पाहिजे. मानधनाविषयी उभय पक्षांचे जमले नाही, तर मंडळ लढत भरविणाऱ्यांकडून बोली मागविते आणि सर्वांत मोठ्या बोलीवाल्यास ती लढत देते. इतके करूनही अजिंक्यवीर लढेना, तर त्याचे पद काढून घेतले जाते.

या नियमाचा प्रसिद्ध दाखला १९९२ सालचा आहे. रिडिक बो हा अमेरिकन योद्धा त्या वर्षी सर्वांत वजनदार गटाचा अजिंक्यवीर झाला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल या मंडळाने त्यास लेनॉक्स लुईस याच्याशी लढण्यास सांगितले. बो याने लंडन येथे वार्ताहरांसमक्ष त्या मंडळाचा पट्टा केराच्या टोपलीत टाकला. तेव्हा मंडळाने ते पद लुईस यास दिले.

तथापि या व्यवस्थेत एक मोठा दोष आहे. क्रमवारी ठरविणे हे बव्हंशी समितीच्या मतावर चालते, आणि लढतीच्या मानधनातून मंडळास शुल्कही मिळते. जो तराजू धरितो त्याचाच मालात वाटा असला, म्हणजे ग्राहकाने शंका घ्यावी हे साहजिक आहे. केवळ निष्काळजीपणाचाही नमुना पाहा: डॅरिन मॉरिस हा योद्धा २००० साली मरण पावला, तरी वर्ल्ड बॉक्सिंग ऑर्गनायझेशनच्या २००१ च्या आरंभीच्या यादीत त्याचे स्थान वर चढत होते! अमेरिकेने २००० साली कायदा करून क्रमवारीचे निकष जाहीर करण्याचे बंधन मंडळांवर घातले, ते अशाच कारणांनी.

बुद्धिबळाचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १९२७ साली अलेखाइन याने कापाब्लांका यास हरवून जगज्जेतेपद मिळविले. त्या काळी आव्हान स्वीकारणे न स्वीकारणे जगज्जेत्याच्याच हाती होते. १९४६ साली अलेखाइन मरण पावला, तोपर्यंत त्याने कापाब्लांकास पुन्हा या पदासाठी खेळण्याची संधी दिली नाही. पुढे जागतिक बुद्धिबळ महासंघाने सूत्रे हाती घेतली, आणि आव्हानवीर स्पर्धेतून निवडला जाऊ लागला.

या सुधारणेचे फळ आपल्या शेजारच्या नागपुरातच दिसले. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. तीत नागपूरच्या दिव्या देशमुख हिचे मानांकन पंधरावे होते. एकोणीस वर्षांच्या या मुलीने अंतिम फेरीत अनुभवी कोनेरू हंपी यांस जलद डावांत हरवून चषक जिंकला. ग्रँडमास्टर हा किताब तर मिळालाच, शिवाय २०२६ सालच्या उमेदवार स्पर्धेत स्थानही मिळाले. या स्पर्धेत आठ जणी परस्परांशी दोन-दोन, म्हणजे प्रत्येकी चौदा डाव खेळतात आणि पहिली येणारी जगज्जेतीस आव्हान देते. पंधराव्या मानांकनाने तिचा मार्ग अडविला नाही. तिचा हक्क कोणत्याही समितीच्या मर्जीवर नव्हता, तो पटावर सिद्ध झाला.

विद्यार्थिमित्रांनो, क्रमवारी ही काल काय घडले याची नोंद होय; उद्या काय घडावे याचा तो निकाल नव्हे. नियम आधी लिहिलेला असावा, तो सर्वांस ठाऊक असावा, आणि शेवटचा निर्णय मैदानात व्हावा, एवढे झाले म्हणजे हरणाऱ्यासही विजेत्याचा मान मनापासून राखता येतो.